लक्षवातींची चाल

"पुन्हा लावा, मास्तर," यज्ञेश्वरभट म्हणाला.

"सुई बोथट झाली आहे. लढाईच्या दिवसांत नवी सुई मागायला गेलं, तर चौकातला दुकानदार असा बघतो, जशी काय मी तोफ मागितली." बिंदुमाधवमास्तर कुरकुरले, पण हात आधीच ग्रामोफोनच्या किल्लीवर गेला होता.

खोलीची गंगेकडची खिडकी बंद होती. कर्ण्यात मास्तरांचं जुनं धोतर कोंबलेलं होतं. पंचगंगा घाटावरच्या त्या माडीत तिघं पुरुष दाराला कडी लावून बसले होते. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, बाँब करताहेत. दोन वर्षांपूर्वी, बेचाळीसच्या धामधुमीत, याच आळीतल्या एका बंद माडीवर पोलीस चढले होते. हे तिघं मात्र सिनेमाची गाणी ऐकत होते. त्यांना पोलिसांची भीती नव्हती. आपल्याच लोकांची होती.

मास्तर पाठशाळेत व्याकरण शिकवत. सिनेमातल्या नट्यांची गाणी ऐकतात हे कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या वर्गात एक पोर पाठवलं नसतं कुणी. यज्ञेश्वरभट दुर्गाघाटावरचा तीर्थोपाध्याय. दक्षिणेतून येणाऱ्या यजमानांना घरी उतरवायचं, त्यांचं क्षौर, श्राद्ध, पिंडदान पार पाडायचं, त्यांना गाडीत बसवून द्यायचं, हा त्याचा पिढीजात धंदा. पितृपक्ष नुकताच संपला होता, म्हणून दुपारी बूड टेकायला फुरसत होती. तिसरा ढुंढिराज. बापानं त्याला वेदपाठी करायचं ठरवलं होतं. तो पोस्टात कारकून झाला. बायको वारल्यावर त्यानं पुन्हा संसार मांडला नाही. स्वतःची पोळी स्वतः भाजायचा आणि चटके जगाला द्यायचा, असं मास्तर म्हणत.

आणि या तिघांचं दैवत एकच: प्रेमरंजन. मुंबईतल्या एका फिल्म कंपनीचा संगीतकार. कुठल्याशा हिंदी मासिकातून कापलेलं त्याचं चित्र मास्तरांनी भिंतीला लावलं होतं. खांद्यापर्यंत केस, काळ्या काड्यांचा चष्मा, हनुवटीला टेकवलेली दोन बोटं. तो मूळचा कुठला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे भांडायला जागाच जागा होती.

नव्या बोलपटात एक कुंभाराची पोर चाक फिरवता फिरवता गाते. ओळ संपते आणि सगळं एकदम थांबतं. तबला थांबतो, सारंगी थांबते, गळा थांबतो. एक अख्खा श्वास काही नाही. आणि मग चाल वरून खाली अशी उतरते, की ऐकणाऱ्याला घाटाची पायरी चुकल्यासारखं वाटावं.

"हा ठहराव," मास्तर डोळे मिटून म्हणाले, "बंगाल्याशिवाय कुणाला सुचणार नाही. मी लिहून देतो. प्रेमरंजन बंगाली आहे."

"हट्. ठेका ऐका ना. ठेका सरळ पंजाबी आहे," यज्ञेश्वर म्हणाला.

"तुला ठेक्यातलं काय कळतं? पुण्याहवाचनाला तुझी घंटा सुद्धा तालात वाजत नाही."

"कान आहे मला. गळा नसेल. कान आहे."

"गाणी लिहायला तो मुंतज़िर सोबत होता तोवर प्रेमरंजनची सगळी चाल शब्दांच्या मागे धावायची," मास्तर पुढे चालू झाले. "दोघांचं बिनसलं, ते बरंच झालं. आता शब्द पडलेत मागे. आणि हे गाणारी ती शेफालीबाई, तिला या माणसानं श्वास घ्यायला शिकवलं. आधी कशी दमेकऱ्यासारखी गायची. काय रे ढुंढ्या? आज तोंडात पान आहे की मौन?"

ढुंढिराज तबकडीकडे नाही, यज्ञेश्वरकडे बघत होता.

"ही चाल मी ऐकलेली आहे," तो म्हणाला.

"कशी ऐकशील? रेकॉर्ड काल आली बनारसमध्ये."

"रेकॉर्ड नाही म्हणालो. चाल म्हणालो. थांबण्यासकट."

"कुठं?"

ढुंढिराजनं पान गालात सरकवलं. बोलून चुकलो हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "जाऊ दे. भास झाला असेल."

"कुठं ऐकलीस ते सांग ना यार," यज्ञेश्वर म्हणाला. तो हसत होता अजून.

"तुझ्या घरात."

तबकडी संपून नुसती खरखरत राहिली. मास्तरांना सुई उचलायचं सुचलं नाही.

"माझ्या चुलीमागची भिंत तुझ्या माजघराची," ढुंढिराज खाली बघत म्हणाला. "ऐकू येतं. मी काही कान लावून बसत नाही."

कान लावून बसत नाही, असं जो न विचारता सांगतो तो काय करत असतो, हे ठरवायला यज्ञेश्वरला गल्ली संपेपर्यंतचा वेळ पुरला.

घरी जाताना त्याला एकेक आठवायला लागलं. ढुंढ्या पोस्टातून आला की सरळ चुलीशी का बसतो? भाऊबीजेला यज्ञेश्वरच्या बायकोनं, बकुळनं, फराळाची ताटली पाठवली होती, ती त्यानं धुऊन, पुसून, वर दोन केळी ठेवून परत केली होती. केळी कशाला? यज्ञेश्वरच्या डोक्यात केळ्यांचा घड लोंबकळायला लागला. रोज सकाळी ज्या माणसाबरोबर तो गंगेवर जायचा, त्याचं आजवरचं सगळं वागणं त्यानं उलटं करून झाडून पाहिलं. काही पडलं नाही. तेव्हा तर त्याची खात्रीच झाली. इतकं स्वच्छ कुणी असतं का?

दाराशी आल्यावर त्यानं खडावा काढून हातात घेतल्या. स्वतःच्या घरात तो चोरासारखा शिरला.

माजघरात बकुळ वाती वळत बसली होती. यात नवीन काही नव्हतं. लक्षवातींचा नेम करणाऱ्या यजमानिणींना काशीत आल्यावर तयार वाती लागत. लाख वाती वळणार कोण? बकुळ वर्षभर वळायची, यजमानिणी जाळून पुण्य घ्यायच्या, आणि त्याची दक्षिणा यज्ञेश्वरच्या कनवटीला लागायची. अठरा वर्षं हे असंच चाललं होतं. समोर कापसाचा ढीग, बाजूला मातीच्या पसरट परळात चाळलेली राख. ती बोटाला राख लावायची, कापूस ओढायची, मांडीवर वळायची.

आणि म्हणत होती.

"ही गंगेला, ही तुळशीला,
ही उंबऱ्याला, ही देव्हाऱ्याला,
ही परक्याला…"

पाच वाती झाल्या. ती थांबली. जुडी बांधून बाजूला ठेवली, बोटं राखेत बुडवली, आणि मग वरून खाली उतरत पुन्हा सुरू केलं: ही गंगेला.

तोच ठहराव. जिथं शेफालीबाई श्वास रोखते, तिथं ही बाई राख लावत होती.

कान आहे मला, असं तो अर्ध्या तासापूर्वी म्हणाला होता. अठरा वर्षं हा आवाज त्याच्या घरात होता. त्याच्या जेवणाच्या पानापासून चार हातांवर होता. आणि तो याला ऐकू आला नव्हता, कारण तो बायकोचा होता; भांडी घासल्याचा येतो, जातं फिरल्याचा येतो, तसा हा येत असे. तीच चाल मुंबईहून तबकडीत भरून आली, तेव्हा यानं ती पुन्हा लावायला सांगितली. पण हे त्याला त्या क्षणी सुचलं नाही. त्याला सुचलं ते निराळंच.

"परका कोण?" त्यानं विचारलं.

बकुळ दचकली. हातातली वात तुटली. "अगबाई. कधी आलात? कडी नाही वाजली."

"परका कोण, ते विचारतोय."

"कसला परका?"

"आत्ता म्हणत होतीस. ही परक्याला."

"ते होय." ती हसली. "मोजते आहे. चार घरच्या आणि एक वाटसराची. घाटावर कुणी अंधारात उतरत असतं ना. पाचाची जुडी होते, तर पाचवी कुणाची म्हणायची?"

"कुणी शिकवलं हे?"

"शिकवायचं काय त्यात? नुसतं मोजलं तर मधेच कुणी हाक मारली की चुकतं. म्हणत मोजलं की नाही चुकत. तुम्ही चहा घेणार का? दूध थोडंच आहे, पण होऊन जाईल."

त्यानं चहा घेतला. चहा चांगला झाला होता, याचाही त्याला संशय आला.

ही चाल बकुळची, हे तर कानांनी ऐकलं. मग ती मुंबईला गेली कशी? ढुंढ्यानं नेली? तो जन्मात मोगलसरायच्या पलीकडे गेला नव्हता. मग कुणी? गाणं काही आपल्या पायांनी गाडीत बसत नाही. कुणीतरी इथं, या घरात, ते ऐकलं असलं पाहिजे. भिंतीपलीकडून नाही. समोर बसून.

दुसऱ्या दिवशी तो मास्तरांकडे एकटाच गेला. मास्तर खाली विद्यार्थ्यांना शब्द चालवायला बसवून वर आले, तर हा भिंतीवरच्या चित्रासमोर उभा.

"काय रे, दर्शन घेतोयस?"

यज्ञेश्वरनं उजवा तळवा चित्रातल्या त्या लांब केसांवर ठेवला. डाव्या हाताच्या बोटांनी चष्मा झाकला. खाली उरलं ते एक साधं, थकलेलं, गुळगुळीत तोंड. आणि उजवा कान. त्याची पाळी वरच्या बाजूला घडी घातल्यासारखी दुमडलेली होती.

क्षौर झालेलं डोकं यज्ञेश्वर ओळखायचा. साऱ्या जन्मात त्यानं यजमान पाहिले ते तसेच. केस, पगडी, टोपी, सगळं न्हाव्याच्या वस्तऱ्याखाली उतरलं की खरा माणूस दिसतो, असं तो स्वतःच यजमानांना सांगायचा. हा कान त्यानं पाहिला होता. श्राद्धात आचमनाला पाणी नसेल तर उजव्या कानाला हात लावायचा असतो. "कानाला हात लावा," असं त्यानं या माणसाला सांगितलं होतं, आणि या माणसानं ही दुमडलेली पाळी चिमटीत धरली होती.

करंबेळकर. परशुराम करंबेळकर. सांगलीकडचा. चार वर्षांपूर्वी श्रावणात आईच्या अस्थी घेऊन आला होता. घाट पुरात बुडालेले, म्हणून विधी लांबले, आणि पाणी उतरेपर्यंत तो घरातच राहिला. मुंबईत काय करता विचारलं, तर म्हणाला कंपनीत आहे. यज्ञेश्वरला वाटलं कापडाची. डोईवर भरघोस केस होते त्याच्या. यज्ञेश्वरनंच न्हाव्याला निरोप धाडला होता, आणि न्हावी ते केस गोळा करताना म्हणाला होता, भटजी, इतक्यात तर उशी भरेल.

मास्तरांच्या भिंतीवरचं दैवत आपल्या घरी राहून, आपल्या हातचे पिंड पाडून गेलं, आणि आपण त्याला आंघोळीला एक टोप पाणी जास्त दिल्याबद्दल कुरकुरलो होतो. दुसऱ्या कुणाला आनंदानं रडू फुटलं असतं. यज्ञेश्वरला फक्त हिशेब लागला: पूर. घर. आपण दिवसभर बाहेर. घरात ती आणि तो.

"काय झालं रे?" मास्तरांनी विचारलं. "चेहरा का उतरला?"

"काही नाही. ऊन लागलं."

"छपराखाली?"

तो जिना उतरून गेला.

बकुळ वाण्याकडून आणलेल्या तांदळातले खडे वेचत होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला. आवाज मुद्दाम साधा ठेवला.

"ते करंबेळकर आठवतात? पुराच्या वेळचे."

"हो तर. आईच्या अस्थी आणल्या होत्या. बिचारे."

"बिचारे का?"

"आई गेलेली. बिचारे नाही तर काय?"

"काय बोलायचे तुझ्याशी?"

तिचे हात थांबले. तिनं पहिल्यांदाच नीट त्याच्याकडे पाहिलं. बायकांना हा आवाज कळतो. कितीही साधा ठेवला तरी कळतो.

"काय विचारायचं आहे ते सीधं विचारा," ती म्हणाली.

"तू त्याच्यासमोर गायलीस."

"मी कुणासमोर गात नाही."

"वाती वळताना म्हणतेस ते."

"ते मोजणं आहे." तिनं तांदळातला एक खडा वेचून टाकला. मग आठवल्यासारखं म्हणाली, "हां. ते अंगणाच्या पडवीत बसून असायचे. पाऊस होता, जाणार कुठं? एक दिवस म्हणाले, वहिनी, तुम्ही हे काय म्हणता? मी म्हटलं, वाती मोजते. म्हणाले, जरा हळू म्हणता का? मग मी हळू मोजलं."

"एकदा?"

"दोन-तीन वेळा. त्या दिवशी. दुसऱ्या दिवशीही."

"आणि तो काय करत होता?"

"मांडीवर बोटं आपटत होते. मला वाटलं, जप करताहेत."

"दार उघडं होतं?"

बकुळनं सूप खाली ठेवलं. "कुठलं दार? पडवीला दार आहे का? बांधून द्या, म्हणजे पुढच्या वेळी लावून घेईन."

"जबान आवर."

"तुम्ही विचारता म्हणून सांगते. ते पडवीत, मी माजघरात, मधे सगळं अंगण आणि पागोळ्या. एवढ्यातून काय झालं असेल, ते तुम्हीच ठरवा. तुमचं ठरलेलंच दिसतंय."

"मला सांगितलं का नाहीस तेव्हा?"

"तेव्हा तुम्ही मला एकच विचारायचात. भात किती लागेल."

त्यानं तिला सगळं सांगितलं. तो करंबेळकर म्हणजे कोण. ते गाणं कुठल्या बोलपटात आहे. ती नटी कुठं थांबते. तो सांगत होता ते आरोप वाचावा तसं, पण बकुळच्या चेहऱ्यावर भलतंच काही व्हायला लागलं. तिचे डोळे मोठे झाले.

"माझं मोजणं?" ती म्हणाली. "तव्यावर?"

"तबकडीवर."

"आणि पेटी-तबला वाजतो त्याच्याबरोबर?"

"सारंगी पण."

"कसं लागतं हो ऐकायला?" तिनं विचारलं. लहान पोरीसारखं विचारलं. "मला ऐकवाल एकदा? मास्तरांच्या घरी मी मागच्या जिन्यानं येईन. सीतावहिनी असतातच."

यज्ञेश्वर उठून उभा राहिला. त्याला एवढंच दिसलं, की बायको लाजली नाही. रडली नाही, पाया पडली नाही, शपथ घेतली नाही. एका परक्या पुरुषानं हिचा आवाज चोरून मुंबईच्या बाजारात नेला, आणि ही विचारते कसं लागतं.

"उद्या यजमानांना कळलं, की या उपाध्यायाच्या घरात बायका गाऊन दाखवतात, तर कोण उतरेल इथं?" तो म्हणाला. "आजपासून या घरात ते म्हणायचं नाही. बिलकुल नाही."

"मग मोजू कशी?"

"मनात मोज."

तिनं सूप पुन्हा उचललं. "बरं," ती म्हणाली. एवढंच.

नवरात्र असं गेलं. घरात वाती वळल्या जात होत्या, आवाज नव्हता. यज्ञेश्वरला बरं वाटायला हवं होतं. पण तो आता शांततेवरही पाळत ठेवायला लागला. ढुंढ्याच्या चुलीमागून खोकल्याचा आवाज आला, तरी हा माजघरात येऊन उभा राहायचा. ढुंढिराज गंगेवर भेटला की म्हणायचा, "काय भटजी, हल्ली घर फार चूप आहे?" आणि हा पाण्यात बुडी मारायचा.

दसऱ्यानंतर मास्तरांच्या माडीवर तिघं पुन्हा जमले. मास्तरांनी रेकॉर्ड लावली. तो ठहराव आला. ढुंढिराज म्हणाला, "मी अजून म्हणतो. ही चाल दुर्गाघाटाची आहे."

"हे काय तू लावलं आहेस?" मास्तर म्हणाले. "यज्ञेश्वर, हा काय म्हणतो? त्या दिवशीही तुझ्या घराचं नाव घेतलं. काय भानगड आहे?"

भानगड हा शब्द मास्तरांनी सहज वापरला. पण यज्ञेश्वरला त्यात उद्याची अख्खी आळी दिसली. घाटाच्या पायऱ्यांवर बसलेले उपाध्ये, पाणी भरणाऱ्या बायका, सगळ्यांच्या तोंडात तोच शब्द. आता काहीतरी बोलणं भाग होतं. खरं बोलला असता, तर एका वाक्यात संपलं असतं: ती माझ्या बायकोची चाल आहे. ते वाक्य त्याच्या जिभेवर चढेना.

"बरोबर आहे त्याचं," तो म्हणाला. "ती चाल माझी."

"तुझी?"

"संध्या आटोपल्यावर मी गुणगुणतो. जुनं आहे. आमच्या घरातलं." आणि एकदा पाय घसरला, तसा तो पुढे वाहतच गेला. "प्रेमरंजन माझ्याकडे उतरला होता, मास्तर. चार वर्षांपूर्वी. मीच त्याचे विधी केले. मराठी आहे. करंबेळकर. त्यानं माझ्याकडून ऐकली."

त्यानं चित्रावर तळवा ठेवून कान दाखवला. न्हाव्याचं सांगितलं. मास्तर उठले, बसले, पुन्हा उठले. त्यांना शब्द सुचेनात, व्याकरणाच्या माणसाला. मग त्यांनी यज्ञेश्वरला मिठीच मारली.

"अरे गधड्या," ते म्हणाले, "आणि इतके दिवस गप्प बसलास? आम्ही बंगाली म्हणतोय, पंजाबी म्हणतोय, आणि हा आपला ब्राह्मण, आणि चाल आपल्या घाटावरची! कोजागरीला सगळी मराठी मंडळी जमतात घाटावर. तिथं तू म्हणायचंस. मूळ चाल, मूळ शब्दांसकट. मग मी सांगतो ती कुठं पोचली ते. आता कर्ण्यात धोतर कोंबायचं कारण नाही. हे गाणं सिनेमाचं नाहीच. परंपरेचं आहे."

एका क्षणात नटीचं गाणं परंपरेचं झालं होतं. पुरुषाच्या तोंडी गेलं की होतं तसं.

यज्ञेश्वरनं भीत भीत ढुंढिराजकडे पाहिलं. ढुंढिराजला सगळं माहीत होतं. भिंतीतून येणारा आवाज बाईचा की पुरुषाचा, हे कळायला कान लावावा लागत नाही. पण तसं म्हणायचं, तर दुसऱ्याच्या बायकोचा आवाज इतकी वर्षं ऐकला, हे कबूल करावं लागलं असतं. दोघांनी एकमेकांचं तोंड धरून ठेवलं होतं.

"भिंतीतून तुझा आवाज फार नाजूक येतो, यज्ञेश्वर," ढुंढिराज शेवटी म्हणाला, आणि पानाची पिंक टाकायला खिडकीशी गेला.

बातमी यज्ञेश्वरच्या आधी घरी पोचली. तो आला तेव्हा मास्तरांच्या सीतावहिनी हळदीकुंकू लावून निघत होत्या. "भाग्यवान आहेस हो बकुळ," त्या उंबऱ्यात म्हणत होत्या. "आमच्या यांना तर आरतीसुद्धा सुरात येत नाही. आणि तुझे यजमान बघ. घरात एवढा गुण, आणि कधी बोलली नाहीस ती?"

"मलाच ठाऊक नव्हतं," बकुळ म्हणाली.

वहिनी गेल्या. यज्ञेश्वर अंगणात घुटमळला. हातपाय धुतले. पुन्हा धुतले. बकुळ आपल्या जागी बसली होती. समोर कापूस, बाजूला राख. आज तिच्या उजव्या हाताला दोन वाट्या होत्या, एकीत चिंचोके. जुडी झाली की ती एक चिंचोका उचलून रिकाम्या वाटीत टाकायची. टक् असा आवाज व्हायचा.

"तुझं नाव बाहेर पडू नये म्हणून केलं मी," तो म्हणाला.

ती वळत राहिली.

"बाईमाणसाचं नाव कशाला चार लोकांत? तुझ्याच भल्याचं आहे."

टक्.

"कोजागरीला म्हणायचं आहे. चाल रेकॉर्डवर आहे, ती मी बसवीन. पण शब्द निराळे आहेत तिथं. मास्तरांना मूळचे हवेत." त्यानं घसा साफ केला. "एकदा म्हणून दाखव. हळू."

हळू, हा शब्द तोंडातून गेल्यावर त्यालाच तो ओळखीचा वाटला. बकुळनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर त्याला भांडता आलं असतं.

"विसरले," ती म्हणाली.

"असं कसं विसरलीस? अठरा वर्षं म्हणतेस."

"म्हणत होते तोवर होतं. तुम्ही मनात ठेव म्हणालात. मनातून गेलं."

"बकुळ." लग्नानंतर त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. "एकदाच."

ती बोटाला राख लावत होती. तो उंबऱ्यावरच बसला. ऐकलेलं आठवायचा प्रयत्न करू लागला. "ही गंगेला," तो म्हणाला. आवाज फाटका, सूर भलतीकडे. "ही गंगेला, ही तुळशीला… ही…" तिसरी कुणाची होती, ते आठवेना. ज्या उंबऱ्यावर तो बसला होता, तो त्याला सुचला नाही. पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. पुन्हा तिथंच अडला.

भिंतीपलीकडे ढुंढिराज भांडी घासत होता. तो आवाज थांबला.

बकुळनं जुडी बांधून ढिगावर ठेवली, चिंचोका उचलून वाटीत टाकला, आणि पुढचा कापूस ओढला.